सेन्सर बदलू की नको?

आमचे राऊतकाका पहिल्यांदा भेटले, तर तुमचं नाव विचारणार नाहीत. थेट विचारतील, "बदलू की नको?"

काय, ते मागाहून कळतं. एव्हरशाईन सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काका एकटेच राहतात, आणि खाली पार्किंगमध्ये त्यांची सोळा वर्षांची राखाडी गाडी. दोन वर्षांपूर्वी तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. भुईगावचा मेकॅनिक पास्कल म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, काका. धुरात ऑक्सिजन किती, ते हा इंजिनाला सांगतो. आता चुकीचं सांगतो, म्हनून गाडी पेट्रोल जास्त पिते. बदलून टाका."

इतकं स्वच्छ सांगितल्यावर कुणीही बदलला असता. काकांनी मतं मागवायला सुरुवात केली.

"घाई नको. सेन्सर खोटं बोलतोय की इंजिन, हे ठरवणारे आपण कोण?"

इस्त्रीवाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता, तिथे तीर्थ घेता घेता गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, चातुर्मास संपू दे. चातुर्मास संपला. मग सोसायटीच्या सभेत 'ऐनवेळचे विषय' आले तसे काका उभे राहिले. पाण्याच्या टाकीची गळती बाजूला राहिली आणि सेन्सरवर मतदान झालं. बारा जण 'बदला', बारा जण 'नको'. निर्णायक मत अध्यक्षांचं. ते म्हणाले, "माझ्याकडे स्कूटर आहे."

मध्येच कुणीतरी गमतीत म्हणालं, ऑक्सिजन कमी पडतोय तर गाडीला मोकळ्या हवेत न्या. काकांनी खरंच नेली. भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, बॉनेट उघडून दोन तास. मागच्या सीटवर पट्टा बांधून तुळशीची कुंडी. "शास्त्र आहे हे," मला म्हणाले. दिवा पिवळाच राहिला. तुळस मात्र खाऱ्या वाऱ्यानं मान टाकून परत आली.

शेवटी गाडी पीयूसीत नापास झाली. आता ती रस्त्यावर आणायचीही चोरी. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"चला काका, मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

गॅरेजात पोचल्यावर पास्कलनं खण उघडून धुळीनं माखलेला खोका काढला. आत नवाकोरा सेन्सर. काका बाहेर गाडीपाशीच घुटमळत होते.

"हा कधी मागवलास?" मी विचारलं.

"दीड वर्स झालं. त्यांनीच मागवलेला." पास्कलनं आवाज खाली आणला. "दर रविवारी येतात. बाकड्यावर बसतात, चहा पितात, इचारतात, बदलू की नको? मी म्हनतो, बदला. मग म्हनतात, पुढच्या रविवारी बघू."

अर्ध्या तासात काम झालं. दिवा विझला.

"झालं काका! आता वर्सभर इकडं फिरकायला नको," पास्कल हात पुसत म्हणाला.

"हो का," काका म्हणाले. परतीच्या वाटेवर ते सारखे विझलेल्या दिव्याच्या जागेकडे बघत होते.

पुढचा आठवडा विचित्रच गेला. इस्त्रीवाला कपडे देऊन मुकाट्यानं जायचा. लिफ्टमध्ये काका मजल्यांचे आकडे बघत उभे असायचे. कुणी विचारलंच, तर "विझला ना दिवा? सुटलात!" एवढंच.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, कडक इस्त्रीच्या शर्टात.

"सुजाता, गाडीचा हॉर्न जरा बसल्यासारखा वाटतो का गं तुला?"

मी खाली गेले. काकांनी हॉर्न दाबला. असा खणखणीत वाजला, की वॉचमन खुर्चीतून उठला.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"किंचित बसलाय," मी म्हटलं. "पास्कलला दाखवायला हवा."

काकांनी लगबगीनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"मग चल ना तूही. एकट्याच्या मतावर असल्या गोष्टी ठरवू नयेत."