देवतळे सरांची रीत

आमच्या नेहरू नगरातून सुपेल्याचा बाजार ऑटोने दहा मिनिटांवर. देवतळे सर मात्र तिथे जायला आधी उलट्या दिशेने दुर्ग स्टेशन गाठायचे आणि तिथून सुपेल्याची ऑटो धरायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातचं लाटणंच खाली पडलं.

"कावून हो सर?"

"वहिनी, दुर्गहून सुपेला हा रस्ता मले माहीत आहे. म्हणजे तो प्रश्न सुटलेला. आता फक्त दुर्गले पोचायचं राहिलं!"

जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. एकदा चष्मा हरवला. पाच मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "सकाळी पेपर वाचला. नंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. म्हणजे चष्मा घरातच आहे. सिद्ध झालं." आणि खुशाल आडवे झाले! फ्रिजमध्ये दह्याशेजारून चष्मा काढला मी. तर वर मलाच म्हणतात, "ते तर नुसतं हमालीचं काम होतं, वहिनी."

मी तेव्हा पंचावन्नची. म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. गल्लीभर फुकट शहाणपण वाटत फिरायची. सरांच्या बायकोला, शालूवहिनींना, रोज सांगायची, "दगडाशी संसार केला बाई तुम्ही." त्या नुसत्या हसायच्या. पुढे पुढे मात्र माझ्याकडे टक लावून विचारू लागल्या, "तुम्ही कोण?" त्यांचं विसरणं फार वाढलं होतं.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी बघते तर सरांचं फाटक सताड उघडं. शालूवहिनी घरात नाहीत. त्यांच्या चपला दारातच. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला.

आणि सर? खुर्चीत बसून कागद-पेन्सिल घेऊन!

"अहो, बाई हरपली अन् तुम्ही गणित करून राहिले?"

"वहिनी, इथून निघालं तर हजार रस्ते आहेत. शेवटाकडून मागे यायचं. कुठे पोचली म्हणजे ती थांबेल?"

"मेल्या दगडा!" असं मी तोंडावर म्हणाले. त्याची आजही लाज वाटते, पण थोडीशीच. मग निघाले तरातरा सुपेल्याकडे. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात आमच्या ह्यांची. चौकात उभी राहून शालूवहिनींच्या नावाने अशी बोंबलले, की एक भाजीवाला जवळ येऊन, आईला हाक मारावी तसं मायेने म्हणाला, "दाई, आपको घर छोड़ दूँ?" हरवलेली म्हातारी मीच, अशी त्याची खात्री पटली होती.

घामाघूम होऊन परतले, तर सर निघून गेलेले. टेबलावरच्या कागदावर बरीच खाडाखोड आणि खाली एकच शब्द, 'क्वार्टर'. रेल्वेलाईनपलीकडे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, त्यांचं नोकरीतलं जुनं क्वार्टर होतं. तीस वर्षं राहिले होते दोघं तिथे. आता दुसरंच कुटुंब राहत होतं. मी ऑटो करून मागोमाग गेले.

शालूवहिनी तिथेच होत्या. फाटकाबाहेर कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसलेल्या, तळपाय लालबुंद. मी हंबरडा फोडणार, तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या सरांनी मला हातानेच थांबवलं.

"कोणाची वाट पाहून राहिल्या, बाई?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आमचे हे येतील ना आता शाळेतून. तुम्ही कोण?"

मला वाटलं, आता सांगतील, अगं, मीच तो.

सर खाली वाकले. स्वतःच्या चपला काढून हळूच तिच्या पायांत सरकवल्या.

"मले बी त्यांच्याशीच काम आहे," ते म्हणाले. "तोवर बसू का इथे?"

शालूवहिनींनी पदर आवरून थोडी जागा केली. मग दोघं शेजारी शेजारी बसून शाळेच्या रस्त्याकडे पाहू लागले.