तिसऱ्या रविवारची हरकत

जळकोटच्या चर्चमध्ये बाकं रिकामी पडायला लागली होती. मंडळीतली तरुण माणसं पुण्याला, सोलापूरला कामाला गेलेली. रविवारी समोर बसायची ती म्हातारी माणसं आणि त्यांना हाताला धरून आणलेली नातवंडं. तेव्हा करिश्माने एक उपाय काढला. मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच. त्यावरून उपासनेच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन चर्चच्या स्पीकरला जोडायचा. बाहेरगावची माणसं उपासना बघतील आणि त्यांचंही बोलणं इथे ऐकू येईल.

करिश्मा तुळजापूरच्या दवाखान्यात नर्स होती. रविवारी तिची ड्युटी असली की फोन सांभाळायचं काम तिच्या वडिलांकडे, कोंडीरामकडे यायचं. कोंडीराम चर्चचा पंच होता. शिवाय नोकरीत असताना त्याने गाड्यांची इंजिनं खोलली होती, त्यामुळे कुठलीही वायर कुठेही जोडायला तो घाबरत नसे. बायको शिवगंगा वारल्यापासून रविवार हाच त्याचा बोलायचा दिवस राहिला होता.

उपाय चालला. बाहेरगावची माणसं कॉलवर येऊ लागली. अडचण एवढीच होती की जळकोटला रेंज अडकायची आणि मग एकदम सुटायची. त्यामुळे बाहेरगावचं "आमेन" वेळेवर पोचत नसे. पाळकसाहेबांचा आशीर्वाद देऊन झाला, ते सूचना वाचायला लागले, "आपल्या चर्चच्या पत्र्याला मोठं भोक पडलेलं आहे..." की स्पीकरमधून सगळं पुणे ओरडायचं, "आमेन!"

लोक हसायचे. पाळकसाहेबही हसायचे. तिसऱ्या रविवारपर्यंत.

त्यांच्यात रीत अशी की लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार त्याची सूचना चर्चमध्ये वाचायची आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारायचं. करिश्माचं लग्न तेरच्या समर्थशी ठरलं होतं. दोन रविवारी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी समर्थचे वडील हिंमतराव आणि आई द्वारकाबाई मुद्दाम तेरहून आले आणि पहिल्या बाकावर बसले. सूचना वाचून झाली की पेढे वाटायचे, म्हणून द्वारकाबाईंनी पिशवी मांडीवरच ठेवली होती. करिश्मा ड्युटीवर होती.

आधी पाळकसाहेबांनी दुसराच विषय काढला. "ऊन वाढलंय. पुढच्या रविवारपासून उपासना नऊऐवजी सकाळी आठला ठेवू या. कसं?"

"चालंल, चालंल," समोरची माणसं म्हणाली. स्पीकर गप्प होता. रेंज अडकली होती.

मग प्रार्थना झाली, आणि पाळकसाहेबांनी चष्मा नीट करून वाचलं, "करिश्मा आणि समर्थ यांचा विवाह येत्या गुरुवारी इथं होणार आहे. या विवाहास कुणाची हरकत असल्यास सांगावं."

तेवढ्यात रेंज सुटली.

"माजी हरकत हाय!" स्पीकर कडाडला. "तोंडावर सांगते! कुणाला इचारून ठरवलं ह्ये? बाईमाणसाचा जरा तरी इचार..."

आणि कॉल तुटला.

द्वारकाबाईंनी पेढ्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. कोंडीराम फोनकडे धावला. फोनचा कॅमेरा पाळकसाहेबांकडे होता आणि स्क्रीन भिंतीकडे, त्यामुळे कोण बोललं ते कुणालाच दिसलं नव्हतं. त्याने घाईघाईत दोन बटणं दाबली, तर फोनच बंद झाला.

"कोण होती ती बाई?" हिंमतरावांनी विचारलं.

स्पीकरजवळ बसलेला दुसरा पंच, बिभीषण, पांढराफटक पडला होता. "आवाज मी वळखला," तो म्हणाला. "शिवगंगावैनीचा."

"शिवगंगावैनी म्हणजे?"

"करिश्माची आई."

"त्या तर वारल्यात की!"

"म्हणून तर म्हनतोय," बिभीषण म्हणाला.

मागच्या बाकावरच्या दोघी उठून गेल्या. त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली. दुपारपर्यंत हायवेवरच्या हॉटेलात लोक एकमेकांना सांगत होते की कोंडीरामची मयत बायको मोबाईलवर आली आणि पोरीच्या लग्नाला नाही म्हणाली.

पाळकसाहेबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नियमावर होता. "हरकत आलेली आहे," ते म्हणाले. "चौकशी झाल्याशिवाय मला लग्न लावता येणार नाही. हरकत घेणाऱ्याचं नाव लिहावं लागतं."

"लिवा की," बिभीषण म्हणाला. "शिवगंगा कोंडीराम."

"पत्ता?"

सगळ्यांनी नकळत खिडकीतून कब्रस्तानाकडे बघितलं.

"हे बगा पाव्हणे," हिंमतराव जाताना कोंडीरामला म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. जित्या माणसाची हरकत असती तर मी हातापाया पडून मिटवली असती. ह्ये कसं मिटवायचं, तुमीच सांगा. बुधवारपातूर काय ते कळवा. न्हायतर आमी वऱ्हाडाच्या गाड्या सांगत न्हाय."

कोंडीराम घरी आला आणि फोन घेऊन बसला. कॉलवर जे जे होते, त्यांना एकेकाला फोन लावू लागला.

"सलाम. कोंडीराम बोलतोय, जळकोटहून. हरकत तुमची हाय का?"

"कसली हरकत, काका?"

"कोण बोललं, स्क्रीनवर बघितलं का?"

"स्क्रीनकडं कोण बघतंय? फोन डब्याला टेकवला हुता, मी भाकरी थापायले हुते. पर काका, किती दिसांनी फोन केला! आमचे ह्ये पडलेत, पाय मोडलाय, कुणाला सांगावं म्हणून..."

प्रत्येक फोनचं असंच झालं. हरकत कुणाचीच नव्हती, पण सांगायचं सगळ्यांकडे होतं. एकाची नोकरी गेली होती. एकीला मुलगी झाली होती आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. एक म्हातारा नुसता रडला. कोंडीराम सगळ्यांचं ऐकून घेत होता आणि शेवटी विचारत होता, "मग हरकत तुमची न्हाय ना?" दुसऱ्या दिवसापर्यंत पुण्यातल्या सगळ्या मंडळीला कळलं की जळकोटला काहीतरी भानगड झाली आहे. आणि भानगड बघायला गुरुवारी यायचंच, असंही त्यांनी ठरवलं.

करिश्मा घरी आली तेव्हा बाप फोन हातात धरून बसला होता.

"पप्पा, सगळ्यांना लावला फोन?"

"लावला."

"सगळ्यांना?"

कोंडीरामने फोन पालथा घातला.

"आईसारखा आवाज आख्ख्या जगात एकाच माणसाचा हाय," करिश्मा म्हणाली. "रुद्रम्मा मावशीचा. तुमाला चर्चमधीच कळलं आसंल."

कळलं होतं. सोलापूरची रुद्रम्मा ही शिवगंगाची धाकटी बहीण. आवाज अगदी तोच, रागही तोच. मातीच्या दिवशी ती अंगणात कुणाला तरी "चहा घेतला का" म्हणाली आणि कोंडीराम दचकून आत बघायला गेला होता. तेव्हापासून त्याने तिचा फोन घेतला नव्हता. तिनेही मग सोडून दिलं होतं. ग्रुपमध्ये तिला करिश्माने घेतलं होतं.

"तू लाव," तो म्हणाला.

"मी न्हाय. नवरी मी हाय. हरकत घेणाऱ्याला नवरीनं फोन करायचा म्हणजे काय!"

कोंडीरामने फोन लावला आणि डोळे मिटून घेतले.

"आलं का ध्यानात आमचं?" पलीकडून तोच आवाज आला. "इतके दिस फोनची बॅटरी संपली हुती का माणसाची?"

कोंडीराम म्हणाला, "रुद्रम्मा, तुजी हरकत काय हाय?"

"काय म्हणजे? आमच्याकडं आठला पाणी येतंय! चार दिसांतनं एकदा येतंय! पाणी भरू का उपासना बघू? पाळकसाहेबांनी खुशाल आठ वाजता ठेवली. बायामाणसाचा इचार नको? मी बोलायले तर माजाच कॉल कापला!"

"आन् लग्नाला?"

"कुठल्या लग्नाला?"

"करिश्माच्या. पोरीच्या."

"लग्नाला कशाला हरकत घेईन मी? येडं लागलंय का? शालू घेऊन ठिवलाय तिला." ती थांबली. "तुमी बोलावलंच न्हाय, म्हणून घरात पडलाय."

कोंडीरामने फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाला, "बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काय बी. पाण्याचं सांग."

तिने पाण्याचं सांगितलं. शेजारणीच्या मोटारीचंही सांगितलं. दारात उभी राहून करिश्मा ऐकत होती. बाप मधूनमधून "व्हय" म्हणत होता आणि बापाच्या गालावरून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी रुद्रम्माशी स्वतः बोलून चौकशी पूर्ण केली. उपासना नऊलाच राहिली. हिंमतरावांनी गाड्या सांगितल्या. गावातली बातमी मात्र कुणी दुरुस्त करून घेतली नाही. त्यामुळे गुरुवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याची माणसं आली, पाय मोडलेला काठी टेकत आला, ती तान्ही मुलगी आईच्या कुशीत आली. गावातले इतर लोक खिडक्यांना लटकले. बाकं कमी पडली म्हणून शाळेतून सतरंज्या आणल्या.

फोन लावायची गरजच उरली नव्हती. तरी पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन स्पीकरची वायर काढून ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "या विवाहास कुणाची हरकत आहे काय?"

सगळं चर्च रुद्रम्माकडे वळलं. तिने पदर तोंडावर घट्ट दाबून धरला. आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरून एक विचित्र आवाज आला. तो कोंडीरामचा होता. हिंमतराव अर्धे उठले.

"कोंडीराम," पाळकसाहेब घाबरून म्हणाले, "तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

"न्हाय साहेब," कोंडीराम कसाबसा म्हणाला. "ठसका लागलाय."

"ठसका कसला!" रुद्रम्माचा आवाज स्पीकरशिवाय शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला. "रडायलेत दाजी! रडू द्या त्यानला. साहेब, तुमी फुडं चला!"

आणि पाळकसाहेब पुढे गेले.