नदीपलीकडचे चिंचोके

एका जंगलात, बाळांनो, कायदा एकच होता : ज्याचं त्याला द्यावं. बस्स, एवढाच. तो पिल्लांनाही पाठ असायचा, त्यामुळे त्या जंगलात वकील नव्हते. मागासलेलं जंगल हो, दुसरं काय!

तिथल्या चिंचेवर सगुणा नावाची खार राहायची. नवरा ससाण्यानं नेलेला, पदरी एकच लेक, मंजुळा. आता खारींची जात तुम्हाला ठाऊकच आहे. आज दाणे मातीत पुरतील, उद्या जागा विसरतील. म्हणून सगुणेनं वर्षभराचे चिंचोके घोरपडमावशींच्या बिळात ठेवायला दिले. देताना प्रत्येक चिंचोक्यावर दातांचा दुहेरी ओरखडा काढला. तीच तिची सही. घोरपडीनं एकदा धरलं की ती सोडत नाही, हे सगुणेनं ऐकलं होतं. तिला वाटलं, सांभाळायला याहून चांगलं कोण मिळणार?

उन्हाळा आला. सगुणा चिंचोके मागायला गेली.

"अगंबाई, ते आता इथं कुठले?" मावशी म्हणाल्या. "सुरक्षित राहावेत म्हणून नदीपलीकडच्या रानात पाठवलेत."

"मग आणा की परत."

"तिकडचा कायदा निराळा गं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

पंचांनाही कळेना. आपला कायदा नदी ओलांडतो की काठावरच बसून राहतो, हे सांगावं कोणी? मुख्य पंच म्हणजे एक म्हातारा गवा. त्यानं बराच वेळ मान हलवली आणि तो चरायला निघून गेला.

मंजुळा संतापली. "आई, नदीपलीकडं आंतररानीय वित्तसेवा कायद्याची पदव्युत्तर पदवी मिळते. ती घेऊन येते आणि तुझा एकेक चिंचोका परत मिळवते. बघच तू!"

लेकीचं तेज बघून सगुणेचा ऊर भरून आला. मंजुळा कासवाच्या पाठीवर बसली आणि गेली.

तिकडचे प्राध्यापक करकोचे होते. ते एका पायावर उभे राहून शिकवत. दुसरा पाय नेमका कोणत्या रानात आहे, हे कोणाला सिद्ध करता येऊ नये म्हणून. पहिलं वर्ष 'दाणा म्हणजे काय' यातच संपलं. दुसऱ्या वर्षी 'परत म्हणजे काय' घेतलं, पण तो भाग अपुरा राहिला. मंजुळा पहिली आली.

इकडं सगुणा झाडाची साल कुरतडून दिवस काढत होती. पण कोणी विचारलं की सांगायची, "माझी पोर पलीकडं मोठा कायदा शिकतेय हो!" तेवढं बोललं की तिला सालही गोड लागायची.

दोन वर्षांनी मंजुळा परतली. गळ्यात पदवीचा केशरी पट्टा. लगेच पंचायत भरली. त्या जंगलाची रीत अशी की वाद जिथला, पंच तिथंच बसायचे. म्हणून सगळे मावशींच्या बिळासमोर जमले.

मंजुळा उभी राहिली आणि काय बोलली म्हणता! चिंचोका पिकला कोणत्या रानात, गेला कोणत्या रानात, आणि मधल्या पाण्यात असताना तो चिंचोका होता की नुसता माल? माकडं उलटी लटकून ऐकत होती. कोणाला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच सगळे माना डोलवत होते.

सगुणा बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिच्या शेपटीला काहीतरी टोचलं. वळून बघते तर बोटभर उंचीचे कोंभ. चिंचेचे! एका कोंभाच्या टोकाला अजून टरफल अडकलेलं, आणि टरफलावर दातांचा दुहेरी ओरखडा.

बाई बाई बाई! चिंचोके कुठं गेलेच नव्हते. मावशींच्या बिळातच पडून रुजले होते.

"मंजे, इकडं ये!" सगुणेनं हळूच हाक मारली. "हे बघ, माझे चिंचोके! इथंच आहेत गं!"

मंजुळेनं वाकून पाहिलं. तो ओरखडा तिनं ओळखला. त्याच दाण्यांवर ती लहानाची मोठी झाली होती. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

"आई," ती कुजबुजली, "ते इथंच असतील, तर प्रश्न आंतररानीय उरतच नाही. मग आपला तो जुना एका ओळीचा कायदा लागतो."

"मग बरंच झालं की!"

"मग मी दोन वर्षं काय शिकले?"

सगुणेनं लेकीकडं पाहिलं. तिच्या गळ्यातला केशरी पट्टा पाहिला. तिच्या पोटात भूक होती. तरी तिनं शेपटी पसरली आणि कोंभ झाकून टाकले.

"बोल बाळ," ती म्हणाली. "मला मेलीला जवळचं नीट दिसत नाही हल्ली. तुझं चालू दे."

मंजुळा संध्याकाळपर्यंत बोलली. पंचांनी निकाल दिला : प्रकरण फार गहन आहे, ते पलीकडच्या रानात न्यावं, आणि ते चालवायला मंजुळेइतकं लायक कोणी नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत आधी मावशींनी टाळी वाजवली.

गर्दी पांगली. सगुणा घरी गेली आणि साल कुरतडायला बसली.

तात्पर्य : बाळांनो, खूप शिका. म्हणजे आपली वस्तू डोळ्यांसमोर असली तरी ती कोणत्या कलमाखाली सापडत नाही, ते तुम्हाला सांगता येईल. आणि शिकताना भुकेची काळजी करू नका. ती आईला लागते.