वीस मिनिटांचे टाको

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं की माणसाने गप्प पडून राहावं. वजनमापे खात्यातला निरीक्षक गप्प राहिला नाही. बायको ओट्याशी भांडी घासत होती आणि सांगत होती, की इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक तिच्या जिवावर येतो. निरीक्षकाने पलंगावरून, डोळेही न उघडता, एक वाक्य टाकलं.

"त्यात एवढं काय असतं? वीस मिनिटांचं काम."

ओट्याकडचा नळ बंद झाला.

"बरं झालं बोललात," बायको म्हणाली. (एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. 'तुम्ही' ती दोनच प्रसंगी म्हणायची: चारचौघांत, आणि पाणी डोक्यावरून गेल्यावर. त्या वेळी घरात चारचौघं नव्हते.) "बुधवारी मला यायला पावणेआठ होतात. बुधवार तुमचा."

सोमवार त्याने हे विसरण्यात घालवला आणि मंगळवार आठवून घाबरण्यात. मंगळवारी संध्याकाळी तो नववीतल्या लेकीला शरण गेला. तिने फोनवर दोनदा अंगठा फिरवला आणि वाचून दाखवलं: तयार चिकनचे झटपट टाको. टाको म्हणजे काय, असं त्याने खात्याच्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, मक्याची कुरकुरीत गोल चकती असते, मधोमध दुमडलेली, तिच्या पोटात सगळं भरायचं आणि खायचं. दुकानातून भाजलेली कोंबडी आणायची, पिंजायची, गरम करायची. सोबत कांदा, टोमॅटो, कोबी, दही, वर लिंबू. शेवटी लिहिलं होतं, 'वेळ: वीस मिनिटं.' ही ओळ त्याने तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. मग कागद काढून प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहायला बसला. "बाबा, अंदाजाने चालतं," लेक म्हणाली. (अंदाज या गोष्टीसाठी तो बावीस वर्षं लोकांना नोटिसा देत आला होता. तो लिहीत राहिला.)

बुधवारी सहाच्या ठोक्याला तो ऑफिसातून निघाला आणि वाटेवरच्या मोठ्या दुकानात शिरला. खांद्याला नेहमीची बॅग होती आणि बॅगेत नेहमीची पेटी, पितळेच्या प्रमाणित वजनांची. दोन महिन्यांपूर्वी त्याने याच दुकानातल्या चीजच्या काउंटरवरचा काटा सील केला होता. ही गोष्ट तो साफ विसरला होता. दुकान विसरलं नव्हतं.

टाकोच्या चकत्या, टोमॅटो, कोबी, सगळं यादीबरहुकूम बॅगेत गेलं, पैसेही देऊन झाले. मग तो भाजलेल्या कोंबड्यांच्या काउंटरपाशी आला. काचेच्या कपाटात पिवळ्या दिव्याखाली बारा कोंबड्या ओळीने बसल्या होत्या. काउंटरवरच्या बाईने त्याला पाहिलं, बॅगेतला खणखणाट ऐकला आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"एक कोंबडी द्या," तो म्हणाला.

"कशासाठी, साहेब?"

"खायला."

बाईने असली थाप आजवर ऐकली नव्हती. तिने मॅनेजरला बोलावून घेतलं. मॅनेजर कोटाची बटणं लावत आला आणि म्हणाला, तपासणीची कल्पना आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. निरीक्षकाने शांतपणे सांगितलं, की तपासणी नाही, टाको आहे. मॅनेजरचा चेहरा आणखी उतरला. त्याने खिशातून वही काढून तो शब्द लिहून घेतला आणि अदबीने विचारलं, "टाको कधीपासून लागू झालाय, साहेब?"

निरीक्षकाने त्याला समजावलं, की घरी बायको दमून येणार आहे, आज स्वयंपाक त्याच्याकडे आहे, बाकी काही नाही. हे ऐकून तर मॅनेजरची खात्रीच पटली, की प्रकरण गंभीर आहे. त्याने सगळ्यांत गुबगुबीत कोंबडी निवडली, आणि विश्वास बसावा म्हणून, कोणी सांगितलेलं नसताना, काट्यावर ठेवली.

तिथेच घात झाला. लेबलावर छापलं होतं एक किलो. काटा दाखवत होता नऊशे चाळीस ग्रॅम.

निरीक्षकाने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. खरंच केला. त्याने छताकडे पाहिलं, लिंबांकडे पाहिलं, बायकोचा चेहरा आठवून पाहिला. पण बावीस वर्षांची सवय काही माणसाला विचारून वागत नाही. त्याचा हात आपोआप बॅगेत गेला. काउंटरवर पितळेची पेटी आली. आधी काटा तपासला. काटा चोख निघाला. म्हणजे खोट कोंबडीत होती. मग दुसरी कोंबडी तोलली, मग तिसरी. कोंबड्या सकाळी भरताना किलोच्या होत्या, दिवसभर दिव्याखाली बसून सुकल्या होत्या. पण लेबल काही सुकलं नव्हतं, आणि नियम लेबलाला ओळखतो.

मागे रांग लागली होती. एक काठी टेकणाऱ्या आजी म्हणाल्या, की त्यांना फक्त एक तंगडी हवी आहे आणि ती कितीची आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. एका गृहस्थाने विचारलं, साहेब भुकेले आहेत की कामावर आहेत, एकदाचं ठरवून सांगा. निरीक्षकाने कोणाकडेच लक्ष दिलं नाही. खरं तर बऱ्याच दिवसांत एवढं सरळ प्रकरण हाती आलं नव्हतं आणि तो रंगून गेला होता. बाराच्या बारा कोंबड्या तोलून त्याने कार्बन लावून आदेश लिहिला: लेबलं दुरुस्त होईपर्यंत सदर मालाची विक्री थांबवण्यात यावी. खाली झोकदार सही केली. मग कपाळावरचा घाम पुसून तो प्रसन्नपणे म्हणाला,

"चला. आता माझी कोंबडी द्या."

मॅनेजरने आदेशाची प्रत दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "विक्री बंद आहे, साहेब," तो म्हणाला. "आपलीच सही आहे."

सात वाजून गेले होते. निरीक्षक तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या दुकानात पळत गेला. पण वाईट बातमीला पळावं लागत नाही, तिला फोन असतो. तो आत शिरला तेव्हा तिथल्या काउंटरवरचा दिवा घाईघाईने मालवला जात होता आणि कपाटावर टेबलक्लॉथ पसरलेला होता. चिकन संपलं, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, भाजल्याचा वास येतोय. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तो कालचा आहे."

मग त्याने लेकीला फोन केला. ती सायकलवरून आली, दुकानाबाहेरच्या खांबाआड उभ्या राहिलेल्या बापाकडे तिने एकवार पाहिलं आणि आत गेली. चौथ्या मिनिटाला गरम पिशवी घेऊन बाहेर आली. वर दुकानदाराने तिला एक लिंबू फुकट दिलं होतं. निरीक्षकाने पिशवी हातात घेतली आणि नकळत तिचं वजन जोखायला लागला. लेकीने पिशवी परत काढून घेतली.

घरी पोचले तेव्हा साडेसात होत होते. लेक कोंबडी पिंजायला बसली आणि त्याने बॅग उघडली. चकत्यांचा खोका तळाशी होता. त्याच्यावर पाच किलो प्रमाणित पितळ, आणि तेही पळत आणलेलं. बारा चकत्यांपैकी अकरांचा भुगा झाला होता. बारावी मात्र, कशी कोण जाणे, शाबूत होती.

निरीक्षक खुर्चीत बसला. वीस मिनिटांच्या कामाला त्याने दीड तास घेतला होता आणि हाती हा भुगा होता. बायको दिवसभर उभ्याने काम करून येणार, तिला निदान एक दिवस आयतं गरम जेवण मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. (रविवारचं वाक्य खरं ठरावं हेही हवं होतं, पण आता ते त्याला तितकंसं आठवेना.) लेक म्हणाली, "बाबा, रडू नका, कांदा चिरा. दोन्ही एकदम होईल."

तिने भुगा वाडग्यांत ओतला, वर गरम चिकन, कोबी, टोमॅटो, दही, लिंबू. शाबूत टाको भरून बायकोच्या ताटात उभा केला. तो लवंडू नये म्हणून निरीक्षकाने त्याला दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर ग्रॅमच्या वजनांचा टेकू दिला.

आठ वाजता बायको आली. पर्स ठेवली, चपला काढल्या, हातपाय धुऊन टेबलाशी बसली. ताटाकडे पाहिलं, वजनांकडे पाहिलं. वाडग्यातला पहिला चमचा खाल्ला, मग दुसरा, मग वाडगा पुढे सरकवून आणखी मागितलं. निरीक्षकाचा जीव भांड्यात पडला.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "आज एक गंमतच झाली. येताना मोठ्या दुकानात शिरले होते, एक भाजलेली कोंबडी घ्यायला."

"तुला कोंबडी कशाला हवी होती?" तो म्हणाला. "स्वयंपाक मी करणार होतो ना?"

"म्हणूनच."

लेकीला ठसका लागला. बायकोने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि सावकाश सगळं सांगितलं. काउंटर बंद होता. कोणी साहेब पितळेची वजनं घेऊन आला होता म्हणे, आणि सगळ्या कोंबड्यांना बंदी घालून गेला. मॅनेजर म्हणत होता, की माणूस बोलायला सभ्य होता, पण घरी बायकोसाठी स्वयंपाक करायचाय अशी काहीतरी सबब सांगत होता. मग गिऱ्हाइकांनी मिळून खात्याचा छापील तक्रार अर्ज भरला.

"तू सांगितलं नाहीस ना तिथे, की..." निरीक्षकाने वाक्य अर्धवट सोडलं.

"छे. मी काहीच बोलले नाही," बायको म्हणाली. "फक्त सही केली."

मग तिने तो एकुलता एक टाको उचलला, जपून मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्या वाडग्यात ठेवला. दोन अर्ध्यांत चांगलाच फरक होता, आणि मोठा तुकडा त्याच्याकडे आला होता. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. आयुष्यात प्रथमच त्याने कमीजास्तीबद्दल अवाक्षर न काढता तोंडात घास घातला.

शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अर्ज होता. साहेब म्हणाले, आदेश नियमाला धरून आहे, काळजीचं कारण नाही, फक्त एक तक्रार जरा वेगळी वाटते. त्यांनी सह्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं, 'सदर अधिकाऱ्याकडून यापूर्वी त्रास झाला आहे काय?' दहा जणांनी 'नाही' लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत, सुवाच्य अक्षरात, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लिहितात तसं नेटकं, लिहिलेलं होतं: 'एकोणीस वर्षं. रोज.'

"ही बाई कोण?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही ओळखता का यांना?"

निरीक्षकाने ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं.

"परवापर्यंत तसं वाटत होतं, साहेब," तो म्हणाला.