दांडिया बाजार गप्प झाला तेव्हा

"हिरवा झाला का रे?" दत्ताजीरावांनी पुन्हा विचारलं.

"नाही बाबा, लालच आहे." समरजितने मनगटावरचा पट्टा दाखवला.

समरजित कमांडो तुकडीत होता. त्याची नाडी, झोप, थकवा, सगळं त्या पट्ट्यातून थेट तुकडीच्या डॉक्टर मेजर उत्कर्षा यांच्याकडे जायचं. शरीर आणि मन दोन्ही ताजंतवानं होऊन पट्टा हिरवा झाल्याखेरीज बर्फातल्या सरावाला कुणाला नेत नसत. सुट्टी संपत आली तरी पोराला झोप लागेना. दत्ताजीरावांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. झोपेपायी घराण्यातलं कुणी मागे राहणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"जेवलास ना? आडवा हो. बाकीचं मी बघतो," म्हणत ते खाली उतरले. घराखालीच धवलभाईंचं फरसाणचं दुकान होतं.

"धवलभाई, जरा मशीन बंध राखजो ने. समरने सूवुं छे." पोराला झोपायचंय म्हणून त्यांनी गुजरातीत गळ घातली.

"देश माटे? तो आखी दुकान बंध!"

धवलभाईंनी शटर ओढलं आणि शेजाऱ्यांनाही ओढायला लावलं. कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा फडक्यात गुंडाळली गेली. रिक्षावाले इंजिन बंद करून रिक्षा ढकलत नेऊ लागले. वर घरात समरच्या आईचा, विजयमालाबाईंचा, कुकरही गॅसवरून उतरला. भर दुपारी दांडिया बाजारात सामसूम झाली. रस्त्याच्या मधोमध ओठांवर बोट ठेवून उभ्या असलेल्या दत्ताजीरावांची छाती फुगली.

तेवढ्यात गॅलरीतून पाइपवरून सरसर उतरत समरजित आला आणि त्याने वडिलांना भिंतीआड ओढलं.

"काय झालं?" तो कुजबुजला.

"कुठे काय? तू झोप ना!"

"बाबा, अख्खा बाजार एकदम गप्प झाला! आमच्याकडे असं झालं की समजायचं, आता काहीतरी होणार."

पट्टा लालभडक होऊन चीं चीं करत होता. ते पाहून जिन्यात आलेल्या विजयमालाबाई कडाडल्या.

"डाळ कच्ची राहिली, पोरगं घाबरलं! मला एका शब्दाने विचारलंत?"

"त्याच्यासाठीच केलं ना!"

"काय केलंत? आणखी जागं?"

जिन्यात सुरू झालेलं भांडण स्वयंपाकघरात पोचलं. कुकर शिट्ट्या मारू लागला, खाली मशीन घरघरू लागलं. मध्येच दत्ताजीराव थबकले. "समर कुठाय?"

समरजित उंबऱ्याशी जमिनीवरच घोरत होता. तिन्हीसांजेला उठला तेव्हा पट्टा हिरवागार होता.

लगेच मेजर उत्कर्षांचा व्हिडिओ कॉल आला. "काका, अख्ख्या तुकडीत इतकी गाढ झोप कुणाची नाही! काय केलंत?"

दत्ताजीरावांनी ओशाळून खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरोबर आहे. घरचा आवाज कानावर पडला की शरीराला कळतं, आता पहारा द्यायला नको. तेवढं भांडण रेकॉर्ड करून द्याल? बर्फात ऐकवू. आणखीही मराठी मुलं आहेत तिथे."

दत्ताजीरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. मध्ये फोन ठेवून दोघं ताठ बसली.

"हं, कर सुरू."

"कशावरून भांडू? तुमचं सगळं बरोबरच असतं."

"छे, छे! तुझंच बरोबर."

"आई, बाबा, देशासाठी जरा चिडा की!" समरजित काकुळतीला आला.

विजयमालाबाईंनी पदर खोचला. "देशासाठी ना? मग आज मीच जिंकणार."

"मंजूर!" दत्ताजीराव अभिमानाने म्हणाले.

"जन्मात कधी मंजूर म्हणाला नाहीत, आणि आज नको तेव्हा म्हणता?"

"नको तेव्हा म्हणजे? म्हटलं तरी पंचाईत?"

समरजितने हळूच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि भली मोठी जांभई दिली.