केदारपेक्षा एक जास्त

हिशेबात मला गंडवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात अजून जन्मायचाय! हे कोण म्हणतं? मीच म्हणतो. पण गेली कित्येक वर्षं म्हणतोय आणि अजून कोणी खोडून काढलेलं नाही, म्हणजे खरंच असणार.

मी विनीत. राहायला वर्तकनगर, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. आमची कंपनी चकल्या पाडायची आणि शंकरपाळे कापायची मोठी यंत्रं बनवते. तिथला हिशेबनीस मी. मालक उत्तमशेठ म्हात्रे. माणूस दिलदार, पण पैशाचा विषय निघाला की कान टवकारतो. शेठचा एक नियम होता. सप्टेंबरअखेर ऑडिटरने नफा दाखवला की दसऱ्याला सगळ्यांना रोख बोनस. वर्ष न भरलेल्या नव्या माणसाला बोनस नाही, फक्त पेढे. हा पेढ्यांचा नियम शेठना मीच सुचवलेला. त्यावर किती पैसे वाचले हे मी अजून लोकांना ऐकवतो.

यंदाच्या बोनसमधून आमच्या स्वयंपाकघराचा नवा ओटा होणार होता. जुन्या कडाप्प्याला तडा गेलाय, त्यात सांडलेला चहा थेट खालच्या डाळीच्या डब्यावर ठिबकतो. माझी बायको संचिता गेली दोन वर्षं त्या तड्याकडे आणि मग माझ्याकडे बघते.

सगळं सुरळीत चाललेलं. मग अधिक मास लागला आणि डोंबिवलीला सासुरवाडीने दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं.

धाकटा जावई म्हणजे माझा साडू, केदार. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही सांगितलेल्या वेळेला पोचलो, तर सासूबाईंनी माझ्या हातात नारळाची वाटी आणि खवणी दिली. "विनीतराव, तुम्ही घरचेच!" केदार दोन तास उशिरा आला, तर सगळं घर दारात! "बिचारे ट्रॅफिकमध्ये अडकले हो! पंखा लावा! पन्हं आणा!" मी खोबरं खवत होतो. माझ्याकडे पंख्याचा वारा वळत नव्हता.

जेवायला बसलो. माझ्या धोंड्यावर सासूबाईंनी चमचाभर तूप घातलं. केदारच्या धोंड्यावर वाटी उपडी केली. वाटी! पुरणाचा तो धोंडा तुपात बुडाला आणि मी रागात.

तेवढ्यात केदार म्हणाला, "आप्पा, कंपनीने मला शेअर दिले. दोन हजार. पगाराशिवाय. चार वर्षं टिकलो की माझे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुम्ही मालक झालात की, केदारराव!"

"थोडासा, आप्पा."

"थोडासा का असेना! आमच्या घराण्यात मालक कोणी झालं नव्हतं!" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे असलं काही देतात का हो, विनीतराव?"

"आमच्याकडे दसऱ्याला बोनस देतात," मी म्हटलं.

"बरं, बरं," सासरे म्हणाले, आणि परत केदारकडे वळले.

ते 'बरं, बरं' मला चावलं हो! रिक्षातून घरी येताना मी तोंड वाकडं करून बसलो होतो. संचिता म्हणाली, "अहो, अनारसे बाधले का?" मला अनारसे नव्हते बाधले. केदार बाधला होता.

सोमवारी सकाळी मी शेठच्या केबिनमध्ये. "शेठ, आपण पण शेअर द्यायची स्कीम काढू. मोठमोठ्या कंपन्या काढतात. माणसं टिकतात, जीव तोडून काम करतात!"

शेठनी कान टवकारले. "पैसं किती लागतील?"

"एक पैसा नाही! नुसता कागद. चार वर्षं राहिला तर शेअर त्याचा."

"पैसं लागत नाय ना? मंग कर!" शेठनी सही ठोकली. मी काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

मी काय लिहिलेलं? पहिल्या टप्प्यात शेअर एकालाच, म्हणजे मला. आणि किती? आता इथे शहाण्या माणसाने कंपनीची किंमत बघितली असती, एका शेअरची किंमत काढली असती. मी हिशेबनीस. मला हे सगळं येतं! पण डोळ्यांपुढे ती तुपाची वाटी होती. मी लिहिलं, दोन हजार एक. केदारपेक्षा एक जास्त. काळजाला थंडावा वाटला.

गणपतीत डोंबिवलीला गेलो तो छाती काढून. केदार आला तसं मी सहज म्हटलं, "आमच्या कंपनीने पण दिले हो शेअर. जास्त नाही. दोन हजार एक."

"एक?" केदार म्हणाला. "वरचा एक कसला?"

"शुभ असतो, म्हणून," मी म्हटलं.

सासऱ्यांनी शेजारच्यांना हाक मारून सांगितलं, "आमचे दोन्ही जावई मालक!" सासूबाईंनी माझ्या मोदकावर तूप घातलं. वाटी नाही, पण पळीभर होतं. मी केदारच्या मोदकाकडे बघितलं. त्याच्यावर पण पळीभरच! बरोबरी झाली! त्या दिवशी मी नऊ मोदक खाल्ले.

गणपती गेले आणि सप्टेंबर संपायला दोन दिवस उरलेले असताना आमच्या ऑडिटर बाई आल्या. हेमांगी नाव. वय तिशीच्या आतलं, बोलणं गोड, पण आकड्यांच्या बाबतीत सख्ख्या बापाला सोडणार नाही. तिने माझी स्कीम वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"सर, याचा खर्च कुठे लिहिलाय?"

"कसला खर्च? पैसे कुठे गेलेत?"

"सर, तुम्हाला माहितीये ना? शेअर तुम्हाला तुमच्या कामाबद्दल दिलेत. म्हणजे तो पगारच. पगार म्हणजे खर्च. शेअरची आजची किंमत काढायची आणि चार वर्षांवर वाटायची. दर सहामाहीला एक हिस्सा नफ्यातून वजा."

मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं. पण आपल्या घरात असं काही होईल हे कोणाला वाटतं? तिने आकडा काढून दाखवला, मी तो दोनदा तपासला. नफा गेला होता! वर तोटा!

शेठना बोलावलं. शेठ ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

"मना सांग, पैसं गेलं कुठं?"

"कुठेच नाही, सर," हेमांगी म्हणाली.

"मंग खर्च कसा?"

"सर, तुम्ही तुमच्या वाडीतले नारळ कोणाला दिले, तर खिशातून पैसे जात नाहीत. पण नारळ तर जातात ना?"

शेठना नारळ लगेच समजला. "किती नारळ दिलंय मी याला?"

"कंपनीचे एकूण शेअर आठ हजार. यांना दोन हजार एक नवे. म्हणजे कंपनीचा पाचवा हिस्सा."

शेठ उठले, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले. "आठ हजार म्हंजे माज्या चार पोरांना दोन-दोन हजार ठेवलंय मी. तू कोन? माजा पाचवा पोर?"

"शेठ, ते..."

"आनि वर एक जास्त! माज्या थोरल्यापेक्षा बी एक जास्त!"

मी काय सांगणार? शेठ, तो एक तुमच्या थोरल्यासाठी नव्हता, माझ्या साडूसाठी होता?

बातमी दारातून बाहेर सटकली. तोटा, म्हणजे बोनस नाही! बाहेर आमचा फोरमन धम्मपाल उभा होता. त्याची मुलगी सान्वी नर्सिंगला लागली होती, तिच्या फीचा दुसरा हप्ता बोनसमधूनच जायचा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. माझ्याकडे नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! मागून पॅकिंगच्या बायकांनी ती कसर भरून काढली. "काय हो विनीतभाऊ, आमच्या तोंडचा घास काढून मालक झालात?"

"रद्द करा ती स्कीम!" शेठ गरजले. "आत्ताच्या आत्ता! फाडा!"

मी सुटकेचा श्वास घेतला. हेमांगीने घसा खाकरला.

"सर, कंपनीने स्वतःहून रद्द केली तर उरलेल्या सगळ्या वर्षांचा खर्च आजच धरावा लागतो."

"काय?"

"चार वर्षांचा तोटा एकदम, सर. नियम आहे."

शेठ खुर्चीत बसले. "म्हंजे ठेवली तरी तोटा, काढली तर आठपट तोटा? ही स्कीम हाय का जळू?" मग त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "पोरी, हा मेला तर?"

"शेठ!" मी ओरडलो.

"नुसतं इचारतोय रे."

"मेले तर जरा गुंतागुंत आहे," हेमांगी म्हणाली. एकदम गंभीर चेहऱ्याने! "पण चार वर्षं व्हायच्या आत स्वतःहून नोकरी सोडली, तर शेअर गेले आणि धरलेला खर्च पण परत आला. सोपं आहे."

सोपं आहे! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. केबिनच्या काचेला पॅकिंगच्या बायकांची नाकं लागलेली. बळीच्या बकऱ्याकडे जसं प्रेमाने बघतात, तसं सगळे बघायला लागले.

शेठचा आवाज मऊ झाला. "विनीत, तुना ही नोकरी आवडते ना?"

"जीव की प्राण, शेठ!"

"मंग सोड."

मी धडपडलो. म्हटलं, आज सोडतो, उद्या सकाळी परत घ्या! हेमांगीने मान हलवली. "उद्या तुम्ही त्याच खुर्चीत दिसलात तर मी सही करणार नाही. सोडायचं म्हणजे खरंच सोडायचं."

मी दारातून बाहेर बघितलं. धम्मपाल अजून तिथेच उभा होता, हातात टोपी धरून. मनात आलं, अरे माणसा, एका वाटीभर तुपासाठी त्या पोरीची फी? मी कागद ओढला आणि राजीनामा लिहिला. सही करताना माझ्या खुर्चीकडे एकदा वळून बघितलं, खोटं कशाला बोलू? पण बाहेर टाळ्या पडल्या! एवढ्या टाळ्या मला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून पण पडल्या नव्हत्या. ज्या बायका शिव्या देत होत्या त्यांनीच माझा डबा आणून दिला, छत्री आणून दिली, रिक्षासुद्धा थांबवून ठेवली.

घरी संचिताला सगळं सांगितलं. ती सोफ्यावर बसली. "म्हणजे शेअर गेले?"

"गेले."

"नोकरी?"

"गेली. पण शेठ म्हणालेत, दसऱ्याच्या मुहूर्तावर बघू."

"अहो, पाचवा मुलगा व्हायला गेलात आणि घरातून हाकललेला पहिला झालात!" मग ती ओट्याच्या तड्याकडे बघायला लागली. मी डाळीचा डबा हळूच बाजूला सरकवला.

पुढचे तीन आठवडे मी घरी होतो. शेठविना मी आणि माझ्याविना शेठ! दसऱ्याला सकाळी फोन आला. "विनीत, ये रे बाबा. तुज्यावाचून एक बिल सापडत नाय!" मी आंघोळ करून, नवा शर्ट घालून पळतच गेलो. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मी नव्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. पगार तोच, खुर्ची तीच. डोळे भरून आले हो!

मग शेठ पाकिटं वाटायला लागले. एकेकाचं नाव घेऊन. धम्मपालला पाकीट मिळालं, त्याने ते कपाळाला लावलं आणि माझ्याकडे बघून मान लववली. मी पण रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. शेठनी माझ्या हातावर पुडा ठेवला.

पेढ्यांचा!

"शेठ, बोनस?"

"तू आजच लागलास ना? नव्या मानसाला पेढं. नियम कोनाचा?"

मी एक तोंडात टाकला. कंदी पेढे होते. चांगले होते.

दिवाळीत फराळाला डोंबिवलीला गेलो. संचिताने आईला सगळं आधीच सांगितलेलं. सासऱ्यांनी मालकीचा विषय काढला नाही, हवेबद्दल बोलत राहिले. जेवायच्या आधी केदार मला गॅलरीत घेऊन गेला. आता हा टोमणा मारणार, म्हणून मी दात आवळले.

"विनीतदादा, खरं सांगू? मला तुमचा कायम हेवा वाटत आलाय."

"माझा?"

"दसऱ्याला रोख हातात! आमचे शेअर नुसते मोबाइलवर दिसतात. कंपनी बाजारात आलेली नाही, विकणार कोणाला? फ्लॅटचा हप्ता शेअरने घेत नाहीत हो. धोंड्याला तुम्ही बोनस म्हणालात ना, मला घास गेला नाही." त्याने आवाज खाली आणला. "यंदा कसा झाला बोनस?" म्हणजे पेढ्यांची बातमी याच्यापर्यंत पोचलीच नव्हती!

"गोड झाला," मी म्हटलं.

पानावर बसलो. सासूबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या, माझ्यापाशी थांबल्या, "बिचारे हो," म्हणाल्या आणि माझ्या वरणभातावर वाटी उपडी केली. अख्खी! केदारला चमचाभर. आता ते तूप दयेचं होतं, हे मला पण कळतं. घरी ओटा अजून फुटकाच आहे, हे पण माहितीये. पण केदार माझ्या पानाकडे टक लावून बघत होता हो! मी भात कालवला आणि तो बघतोय तोवर सावकाश जेवत राहिलो.