शेणव्याच्या ट्रकाचे बुश निघाले त्याची हकीकत

श्रीग्रामदेवता समर्थ. शहापूर तालुकियात मौजे शेणवे येथे ट्रकाचे पुढील एक्सलाखाली जो रणसंग्राम जाहला, तो घडला तैसा लिहिला असे. श्रोत्यांनी चहा पुढे ठेवून सावध ऐकावा.

राजमान्य राजश्री कमळाकरराव यांचे पदरी एक वृद्ध ट्रक. पेंढ्याच्या मोहिमा त्याने उदंड मारिल्या, परंतु पुढील दोन्ही कमानपाट्यांचे टोकांत ठोकलेले नळीसारखे बुश झिजले आणि गाडी रस्ताभर झोकांड्या खाऊ लागली. मग खासे धोंडूबाईसाहेब यांचे फर्मान सुटले की, "दिस मावळंपर्यंत बुश निघालं नाय, तं ट्रक भंगारवाल्याला. मी त्याला सांगून ठेवलाय." ऐकोन रावांनी तात्काळ मेस्त्रीस सांगावा धाडिला, कारण लग्न लागल्यावर बाईसाहेबांस मुरबाडाहून ह्याच ट्रकाचे केबिनीत बसवून आणिले होते.

मग कुंडलिक मेस्त्री कुमकेस आले आणि जॅक लावून गाडी उचलिली. बुशाचे तोंडाशी त्यास अडवून धरणारे लॉक दिसेना, सबब ते कधीच गळाले ऐसे समजोन मोर्चे लाविले. प्रथम डिझेलाचा अभिषेक, मग छिन्नी, मग घणाचा सुलतानढवा. परंतु गनीम तसूभर हलेना. घणाचा दांडा कामास आला आणि मेस्त्रींचा अंगठा जायबंदी जाहला. उन्हे कलली, तो भंगारवाल्याचा टेंपो अंगणी दाखल. राव मडगार्डावर हात फिरवीत राहिले.

ते पाहोन बाईसाहेबांचे मन द्रवले. जातीने चहा घेऊन आल्या, वाकून एक्सलाखाली नजर टाकिली आणि पुसत्या जाहल्या, "अवो, दर दसऱ्याला पूजा झाली का तुमी हितं लाल रंग फासता, त्याच्याखाली काय हाय?"

मग विळ्याने रंग खरवडिला. पापुद्र्याखाली पापुद्रा निघत गेला आणि तळाशी लोखंडी लॉक जैसे होते तैसे, बुशास घट्ट अडवून बसलेले. रावांनी जीभ चावली. मेस्त्री वदले, "शेट, ही पूजा का पलस्तर?" लॉक उपटताच डावा बुश दोन तडाख्यांत पडला, आणि उजव्याने ते वर्तमान ऐकोन आपण होऊन शरणागती पत्करिली.

येणेप्रमाणे कमळाकररावांची फत्ते जाहली. रंगाचा डबा बाईसाहेबांनी खालसा केला. दारी आलेल्यास रिकामे पाठविणे घराण्यास शोभेना, सबब जुने दोन्ही बुश भंगारवाल्याचे हाती दिले. मग नवे बुश ठोकून गाडी फेरीस निघाली, तो बाईसाहेब केबिनीत चढोन लग्नातल्याच जागी बसल्या आणि हुकूम केला, "चला, मुरबाडपर्यंत जाऊन येऊ."